पाच पौंडांची बाटली आणि जिभेची साक्ष

जानेवारी २०२२ च्या अखेरीस महाराष्ट्रात उठलेला वाईनचा गदारोळ वाचकांच्या स्मरणात असेलच. १०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या सुपरमार्केटमध्ये, कुलूप लावता येईल अशा कपाटात ठेवून, वाईन विकू द्यायची असा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला आणि एकदम रान पेटले. 'वाईन म्हणजे दारू नव्हे' असे सत्ताधारी बाजूने सांगण्यात आले. विरोधकांनी 'मद्यराष्ट्र' हा शब्द काढला. अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला. एका पारड्यात द्राक्षबागायतदार आणि दुसऱ्यात घरोघरच्या बायकामुलांचे सुख, अशी मांडणी झाली. सरकारने हरकती-सूचना मागवल्या, वर्षाच्या मध्यावर सरकारच बदलले, आणि ती कपाटे दुकानांत यायची राहिली ती राहिलीच.

या सगळ्या वादात एक साधा प्रश्न कोणी विचारल्याचे मला आठवत नाही. तूरडाळ, साबण आणि बिस्किटांच्या शेजारी जी बाटली ठेवायची ती कोणत्या दर्जाची असणार, आणि तो दर्जा ओळखायचा कसा? तांदूळ घेताना आपण चार दाणे दाताखाली धरतो, आंबा देठाशी हुंगून घेतो. बाटली बंद असते. शिवाय किराणा घ्यायला गेलेला माणूस जी वाईन उचलेल ती कपाटातली महागडी नसणार; सर्वांत स्वस्त, किंवा लाजेखातर तिच्या शेजारची असणार. तेव्हा स्वस्त रेड वाईनची पारख हा विषय वाटतो तितका चैनीचा नाही. ही बाटली जिथे साठ वर्षे किराणा मालाबरोबर विकली जात आहे, त्या ब्रिटनमध्ये काय अनुभव येतो हे पाहिले तर आपल्या वादातही थोडा उजेड पडेल.

(वाईन मुळीच न घेणाऱ्या वाचकांनी पान उलटू नये. खाली जे आहे ते पिण्याविषयी कमी आणि किंमत, कर व आपली जीभ यांच्या व्यवहाराविषयी अधिक आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट सांगितले आहे की आरोग्याला निर्धोक म्हणावे असे मद्याचे कोणतेही प्रमाण नाही. या लेखात कुठेही त्याविरुद्ध वकिली नाही.)

ब्रिटनमध्ये वाईन हा मुख्यतः परदेशी माल. एकेकाळी ती खानदानी व्यापाऱ्याकडून पेटीने घ्यायची वस्तू होती. साठच्या दशकात ती सुपरमार्केटात शिरली आणि हळूहळू तिथलीच झाली. ऐंशीच्या दशकात बल्गेरियाची स्वस्त काबर्ने घरोघर पोचली, मग ऑस्ट्रेलियाची शिराझ आली, चिलीची मर्लो आली. अशा स्वस्त वाईनला इंग्रज 'प्लॉन्क' असे थोडे तुच्छतेने, थोडे मायेने म्हणत. 'गार्डियन'सारख्या प्रतिष्ठित दैनिकात माल्कम ग्लक यांचे 'सुपरप्लॉन्क' नावाचे सदर चाले. सुपरमार्केटातल्या बाटल्या चाखायच्या, वीसपैकी गुण द्यायचे, आणि गुण देताना किंमतही हिशेबात धरायची, अशी त्यांची रीत. जाणकारांनी नाके मुरडली. गिऱ्हाइकांनी कात्रणे खिशात ठेवून खरेदी केली.

किंमत हिशेबात धरण्याची ही रीत योग्यच होती, आणि आज तर ती अधिकच योग्य आहे. कारण स्वस्त बाटलीचा हिशेब मोठा विलक्षण असतो. पाच पौंडांची एक बाटली घेऊ. फेब्रुवारी २०२५ पासून लागू झालेल्या दरांनुसार, १२.५ टक्के अल्कोहोल असलेल्या ७५० मिलिलिटरच्या बाटलीवर सुमारे २ पौंड ७७ पेन्स उत्पादन शुल्क बसले. त्यावर २० टक्के मूल्यवर्धित कर, आणि तोही शुल्क धरून, म्हणजे करावर कर. पाच पौंडांत हा कर झाला ८३ पेन्स. सरकारचे एकूण ३ पौंड ६० पेन्स गेले. उरला १ पौंड ४० पेन्स. एवढ्यात काच, झाकण, लेबल, खोका, जहाजाचे भाडे, गोदाम आणि दुकानदाराचा नफा बसवायचा. हे सारे वजा जाता जे काही राहील त्यात द्राक्षे पिकवणारा शेतकरी आणि वाईन करणारा कारखानदार.

आता दहा पौंडांची बाटली पाहा. उत्पादन शुल्क तेवढेच, कारण ते किमतीवर नसून अल्कोहोलवर आहे. मूल्यवर्धित कर १ पौंड ६७ पेन्स. उरतात ५ पौंड ५६ पेन्स. किंमत दुप्पट झाली, पण कर वजा जाता उरणारी रक्कम चौपट झाली. गरिबाच्या बाटलीत कर जास्त आणि वाईन कमी, असा हा प्रकार आहे.

एवढ्या थोड्या पैशांत वाईन येते तरी कशी? ती बाटलीतून येतच नाही. ऑस्ट्रेलियातून, चिलीतून किंवा दक्षिण आफ्रिकेतून ती कंटेनरमध्ये बसवलेल्या प्रचंड प्लास्टिकच्या पिशवीतून येते. एका पिशवीत सुमारे २४,००० लिटर, म्हणजे ३२,००० बाटल्यांचा माल. काचेचे वजन समुद्रापार वाहून नेण्याचा खर्च वाचतो आणि बाटल्या ब्रिटनमध्येच भरल्या जातात. यात फसवणूक काही नाही. दुधाच्या टँकरला आपण नावे ठेवत नाही. मात्र लेबलावर रंगवलेला जुना वाडा आणि द्राक्षाचा वेल यांचा त्या पिशवीशी संबंध किती, हे ज्याचे त्याने ठरवावे.

हा हिशेब डोक्यात ठेवूनच मी २०२३ च्या ऑक्टोबरात लंडनच्या उपनगरात राहणाऱ्या माझ्या भाच्याकडे एक उद्योग करून पाहिला. साडेचार ते नऊ पौंड किमतीच्या पाच रेड वाईन आणल्या. एक स्पेनची गार्नाचा, एक चिलीची मर्लो, इटलीची मोन्तेपुल्चानो, ऑस्ट्रेलियाची शिराझ आणि सर्वांत महाग अशी फ्रान्सची बोर्दो. आमची सौ. घेत नाही, म्हणून तिला पंच नेमले. तिने बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळल्या, आकडे घातले आणि स्वयंपाकघरातून पेले भरून पाठवायला सुरुवात केली. परीक्षक चौघे: मी, भाचा, त्याची बायको आणि शेजारचे एक निवृत्त गुजराती गृहस्थ.

परीक्षेची रीत अवघड नाही. पेला एक-तृतीयांशच भरायचा, कारण वास साठायला जागा हवी. पांढऱ्या कागदावर तिरका धरून रंग पाहायचा. नाकाने घाईघाईने नाही, पण एकदाच नीट हुंगायचे. दहा वेळा हुंगले की नाक थकते. मग घोटभर तोंडात घोळवून चक्क थुंकायचे. पानसुपारीच्या संस्कृतीत वाढलेल्या आपल्या लोकांना पिकदाणीचे अप्रूप नसावे, पण भाच्याला ते फार जड गेले. "मामा, पैसे देऊन आणलेली वस्तू थुंकायची?" असे तो दर पेल्याला विचारत होता.

आणखी एक गोष्ट. रेड वाईन 'खोलीच्या तापमानाला' प्यावी असे जे सांगतात, ती खोली युरोपातल्या जुन्या थंडगार घराची, सोळा-अठरा अंशांची. मे महिन्यातल्या जळगावच्या खोलीशी तिचा संबंध नाही. स्वस्त रेड वाईन गरम झाली की अल्कोहोलचा भपका तेवढा पुढे येतो. अर्धा तास शीतकपाटात ठेवली तर तीच सुधारते.

मराठी माणसाला या कामात एक फायदाही आहे. रेड वाईन द्राक्षाच्या सालींसकट आंबवतात, त्यामुळे सालींतले टॅनिन तिच्यात उतरते आणि ती हिरड्या आवळते. इंग्रजांना हे सांगायला कातडे कमावण्याच्या धंद्यातला शब्द उसना घ्यावा लागला. आपल्याकडे षड्रसांत तुरट आहेच. कच्च्या केळ्याचा तुरटपणा, जांभळाचा, आवळ्याचा आणि सुपारीचा तुरटपणा यांत फरक आहे हे आपल्या घरातल्या लहान मुलालाही कळते. स्वस्त वाईनमध्ये पहिला पाहायचा तो हाच फरक. जांभळाचा तुरटपणा असेल तर चालेल. कच्च्या केळ्याचा असेल तर द्राक्षे पुरती पिकली नव्हती असे समजावे. आणि तुरट काहीच लागत नसेल, नुसता मुरंब्यासारखा गोडवा असेल, तर कच्चेपणा झाकायला साखर ठेवली असण्याची शक्यता बरीच. 

आता निकाल. मी मोठ्या आत्मविश्वासाने तिसऱ्या पेल्याला ११ गुण दिले आणि 'उथळ, कच्ची' असा शेरा मारला. सहाव्या पेल्याला १५ दिले, शेरा: 'भरीव, जांभळासारखी'. बाटल्या पाचच होत्या हे माझ्या ध्यानात राहिले नाही. सौ. बाहेर आली आणि शांतपणे म्हणाली, "अहो, तिसरी आणि सहावी एकच होती. चिलीची."

माझी लाज राखण्यापुरते सांगतो की हे मोठमोठ्यांचे झाले आहे. कॅलिफोर्नियातले निवृत्त प्राध्यापक रॉबर्ट हॉजसन यांची स्वतःची लहानशी वायनरी होती. आपल्याच वाईनला एका स्पर्धेत सुवर्णपदक आणि दुसऱ्या स्पर्धेत काहीच नाही, हे कसे, या कोड्याने ते बेचैन झाले. त्यांनी कॅलिफोर्निया राज्य मेळ्याच्या स्पर्धेत २००५ पासून काही वर्षे एक प्रयोग चालवला. सुमारे तीस पेल्यांच्या रांगेत एकाच बाटलीतली वाईन तीनदा, परीक्षकाला न सांगता, ठेवायची. हे परीक्षक हौशी नव्हते. धंद्यातले नावाजलेले लोक होते. २००८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला: तिन्ही वेळा एकाच पदकाच्या पट्ट्यात गुण देणारे परीक्षक जेमतेम १० टक्के. त्यातही एका वर्षी अचूक ठरलेला परीक्षक पुढच्या वर्षी अचूक राहीलच असे नाही. पुढच्या वर्षी त्यांनी अमेरिकेतल्या तेरा स्पर्धांचे निकाल जुळवून पाहिले. तीनपेक्षा जास्त स्पर्धांत उतरलेल्या २,४४० वाईनपैकी ४७ टक्क्यांना कुठे ना कुठे सुवर्णपदक मिळाले होते. आणि त्या सुवर्णवाल्यांपैकी ८४ टक्के वाईन दुसऱ्या एखाद्या स्पर्धेत रिकाम्या हाताने परतल्या होत्या. सुपरमार्केटातल्या बाटलीच्या गळ्यावर सोनेरी चकती दिसते, तिचे मोल एवढे.

जीभ एकटी साक्ष देत नाही, तिला डोळे आणि खिसा पढवतात. बोर्दो विद्यापीठात वाईनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना व्हाइट वाईन बिनवासाचा लाल रंग घालून दिली, तेव्हा त्यांनी तिचे वर्णन रेड वाईनच्या शब्दांत केले. हे २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. २००८ मध्ये कॅलिफोर्नियात वीस जणांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये निजवून नळीने वाईन पाजण्यात आली. पाच डॉलरची वाईन एकदा पाच डॉलरची म्हणून आणि एकदा पंचेचाळीसची म्हणून दिली. पंचेचाळीसची म्हणून ती अधिक आवडली. गंमत अशी, की लोक खोटे बोलत नव्हते. सुखाची नोंद घेणारा मेंदूचा भाग खरोखरच अधिक जागा झाला होता. म्हणजे किमतीची चिठ्ठी आपल्याला फसवते असेसुद्धा म्हणता येत नाही. ती चव बदलतेच!

मग पारख ही सारी थोतांडच म्हणायची का? असे म्हणणारे पुष्कळ आहेत आणि अशा बातम्या छापायला वर्तमानपत्रांनाही आवडते. मला ते पटत नाही. हॉजसन यांच्याच निबंधात एक बारीक नोंद आहे, तिच्याकडे कोणाचे फारसे लक्ष जात नाही. परीक्षक आवडीत घसरत होते, पण नावडीत बरेच स्थिर होते. वाईट वाईनला वाईट म्हणण्यात त्यांचे एकमत अधिक होते. आमच्या स्वयंपाकघरातही तेच झाले. पाचवा पेला आला आणि चौघांनीही पेला खाली ठेवला. मी लिहिले 'ओले पोते', भाच्याच्या बायकोने लिहिले 'पावसात भिजलेला पुठ्ठा', शेजारच्या काकांनी नुसते नाक मुरडले. हा बुचाचा दोष. बुचातल्या एका रसायनाने वाईनला असा कुबट वास लागतो. पाचांपैकी ज्या बाटलीला खरे लाकडी बूच होते तीच ही, आणि तीच सर्वांत महाग, नऊ पौंडांची बोर्दो. बाकीच्या चारांना फिरकीचे पत्र्याचे झाकण होते.

तेव्हा स्वस्त वाईनची परीक्षा ही सौंदर्यस्पर्धा नव्हे, ती वैद्यकीय तपासणी आहे असे मी आता मानतो. कुबट वास, व्हिनेगरचा झणका, काडेपेटीची जळकी काडी, कापून ठेवलेल्या सफरचंदाचा शिळेपणा, शिजवलेल्या फळाचा वास: हे दोष नसावेत. तुरट आणि आंबट यांचा तोल असावा, घोट गिळल्यावर दोन-चार क्षण काही उरावे. एवढे जमले की ती उत्तीर्ण. त्यापुढे ११ की १५ हा वाद करमणुकीचा आहे. कोणत्याही साध्या माणसाच्या नाकाला हे दोष दहा मिनिटांत शिकवता येतात. जे शिकवता येत नाही ते मी तिसऱ्या आणि सहाव्या पेल्यापाशी करायला गेलो.

अर्थात बाटली उघडल्याशिवाय दोष कळत नाहीत, आणि दुकानात उघडता येत नाही. तिथे लेबलावरचा एक बारीक आकडा उपयोगी पडतो: अल्कोहोलचे टक्के. ऑगस्ट २०२३ पासून ब्रिटनने वाईनवरचे शुल्क तिच्या तीव्रतेशी बांधले, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये मधली सवलत संपल्यावर प्रत्येक दशांशाला किंमत आली. १३ टक्क्यांच्या बाटलीला २ पौंड ८८ पेन्स शुल्क, तर ११ टक्क्यांच्या बाटलीला २ पौंड ४४. फरक ४४ पेन्सचा, करासह ५३. ज्या बाटलीत सगळे मिळून १ पौंड ४० पेन्सच उरतात तिथे हे ५३ पेन्स म्हणजे घबाड. साहजिकच कित्येक स्वस्त वाईनचे टक्के खाली आले. द्राक्षे लवकर तोडायची किंवा तयार वाईनमधून यंत्राने अल्कोहोल काढायचे, हे दोन मार्ग. तोंडात जो भरीवपणा लागतो त्यात अल्कोहोलचा वाटा मोठा असतो. तो कमी झाला की पोकळी भरायला साखर. सरकारचा हेतू लोकांनी कमी प्यावे हा असेल, तो वाईट नाही. पण बाटलीची चव अशा रीतीने अर्थखात्यात ठरते, आणि परीक्षक तिचे श्रेय किंवा दोष चिलीच्या मातीला देत बसतात.

आपल्याकडे हे गणित वेगळ्या वाटेने तिथेच येते. परदेशी वाईनवर १५० टक्के सीमाशुल्क ही आपली जुनी भिंत. डिसेंबर २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियाशी झालेला करार लागू झाला, तेव्हा तिला खिडकी पडली. पण ती पाच अमेरिकी डॉलरच्या वर. आयातीची किंमत पाच डॉलरपेक्षा जास्त असेल तर शुल्क आधी १०० आणि दहा वर्षांत ५० टक्के. पंधरा डॉलरच्या वर असेल तर आधी ७५ आणि दहा वर्षांत २५. पाचच्या खाली काहीच सवलत नाही. लंडनच्या किराणा दुकानातली ती पाच पौंडांची शिराझ ऑस्ट्रेलियातून निघताना पाच डॉलरच्या किती खाली असते हे वर पाहिलेच. ती इथे परवडणाऱ्या भावात येणार नाही, असेच हे राखण घातले आहे.

राखण नाशिकसाठी, आणि त्याला कारणही आहे. २००१ च्या धोरणानंतर नाशिक, सांगली, नारायणगाव भागात वायनऱ्या उभ्या राहिल्या आणि शेतकऱ्यांनी करार करून वाईनची द्राक्षे लावली. २००८ च्या मंदीत आणि मुंबईवरच्या हल्ल्यानंतर मागणी कोसळली, टाक्या भरलेल्या राहिल्या, पैसे थकले. थॉमसन किंवा सोनाकाचा घड बाजारात विकता येतो, बेदाण्याला घालता येतो. शिराझचा बारीक, बियांचा, जाड सालीचा घड कोण खाणार? वायनरीने नाही म्हटले की दुसरे दार नाही. कित्येकांनी बागा उपटल्या. पुढे राज्याने वायनऱ्यांना वाईनवरच्या २० टक्के मूल्यवर्धित करातले १६ टक्के परत देण्याची योजना राबवली. २०२२ च्या कपाटामागे हाच शेतकरी उभा होता, निदान सांगताना तरी.

पण स्पर्धेतून वाचवलेली स्वस्त वाईन चांगली असेलच असे नाही. आपल्या जिभेला ओळखीची स्वस्त रेड वाईन म्हणजे अजूनही गोव्याची गोड 'पोर्ट'. पोर्तुगालच्या दोरू खोऱ्यातल्या अस्सल पोर्टशी तिचे नाते नावापुरते. तिने पिढ्यान्पिढ्या आपल्याला 'वाईन म्हणजे गोड' असे शिकवले, आणि गोडव्याखाली बरेच दोष झाकले जातात. इथल्या कोरड्या, तुरट शिराझचा चांगला घोट तिथून आलेल्या माणसाला बिघडलेला वाटतो. उद्या ती कपाटे खरोखर आली, तर स्वस्तातली स्वस्त बाटली गोड करून विकण्याचा मोह वायनऱ्यांना आवरेल का? आणि तसे झाले तर पुरत्या पिकलेल्या द्राक्षांचा जास्त भाव शेतकऱ्याला कोण कशासाठी देईल? 'वाईन ही दारू आहे की नाही' या वादात हे प्रश्न बसत नव्हते. बाटलीवर अल्कोहोलबरोबर साखरेचाही आकडा ठळक छापा, एवढी मागणी जरी दोन्ही बाजूंपैकी कोणी केली असती तरी गिऱ्हाइकाच्या आणि बागायतदाराच्याही काही पदरात पडले असते.

त्या संध्याकाळी चौघांच्या गुणांची बेरीज केली तेव्हा इटलीची सहा पौंडांची मोन्तेपुल्चानो पहिली आली होती. दोष कोणालाच सापडला नव्हता. भाचा तेव्हापासून तीच आणतो. २०२५ च्या दिवाळीत त्याने तिच्या लेबलाचे छायाचित्र पाठवले. नाव तेच, वाडा तोच, किंमत वीस पेन्सने जास्त. खालच्या कोपऱ्यात, जिथे १३ असायचे, तिथे ११. सोबत एक ओळ होती: "मामा, गोड लागतेय."